तेल ते तेलच

सून: बाबा, मी तिसऱ्यांदा विचारतेय. या गाडीत तुम्ही कुठलं तेल घातलंत?

सासरे: आणि मी तिसऱ्यांदा सांगतोय. एसीचं.

सून: एसीचं म्हणजे कुठलं?

सासरे: एसीचं म्हणजे एसीचं. खोबरेल घातलं नाही, एवढं नक्की. चौतीस वर्षं गाड्यांचे एसी करतोय मी. अर्ध्या गावाला थंड हवा माझ्या हातची मिळाली आहे.

सून: फळीवरचा तो हिरवा डबा?

सासरे: फळीवर दुसरा डबा आहे कुठे?

सून: फळीवर नाही. खालच्या कपाटात आहे, पांढरा, सीलबंद. त्यावर मी मार्करने लिहून ठेवलंय, ‘फक्त बॅटरीच्या गाड्या’. एवढ्या मोठ्या अक्षरात.

सासरे: ते दिसलं मला.

सून: दिसलं?

सासरे: न दिसायला काय झालं? चष्मा होता डोळ्यावर. पण एवढासा तो डबा, त्यात उघडल्यावर लगेच वापरा म्हणून वर दटावणी. म्हटलं, चमचाभर तेलासाठी अख्खा डबा कशाला फोडा. तेल ते तेलच.

सून: तेल ते तेलच. बरं. इकडे या. या मीटरवर किती दिसतंय, वाचा.

सासरे: अडतीस.

सून: अडतीस हजार ओहम. कॉम्प्रेसरची मोटर आणि गाडीची बॉडी, या दोघांच्या मध्ये विजेला अडवणारं एवढंच उरलंय. नवा कॉम्प्रेसर किती दाखवतो, माहितीये? एक कोटीच्या वर.

सासरे: मीटर चुकत असेल.

सून: मीटर चुकत नाही.

सासरे: मागे त्या निळ्या गाडीला चुकला होता.

सून: निळ्या गाडीला तुम्ही तो उलटा धरला होतात. बाबा, जुन्या गाडीत कॉम्प्रेसर कशावर फिरतो?

सासरे: आता माझी परीक्षा? इंजिनच्या पट्ट्यावर.

सून: आणि या गाडीला इंजिन आहे का?

सासरे: नाही.

सून: मग याला फिरवणारी मोटर कॉम्प्रेसरच्या पोटातच बसवलेली असते. जवळजवळ चारशे व्होल्टवर चालते ती. तिची वायंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, दिवसरात्र त्याच गॅसमध्ये, त्याच तेलात भिजलेली. म्हणजे ते तेल नुसतं वंगण नाही. वीज बाहेर येऊ नये म्हणून जे काही आहे, त्यातलं एक ते तेल. आणि तुमचं तेल हवेतला ओलावा पितं आणि वीज जाऊ देतं.

सासरे: माझं तेल.

सून: हिरव्या डब्यातलं.

सासरे: ‘तुमचं’ म्हणालीस तू.

सून: बरं, हिरव्या डब्यातलं. ज्याला बूच नाही आणि गेल्या उन्हाळ्यापासून तोंडावर फडकं कोंबलंय, ते.

सासरे: बूच शोधतोय मी.

सून: मंगळवारी दुपारी मी दोन दिवसांच्या क्लासला गेले, आणि तुम्ही लगेच ही गाडी घेतलीत. मी म्हणाले होते, सिस्टर आल्या तर त्यांना गुरुवारी बोलवा.

सासरे: सिस्टर आली ती घामाघूम होऊन. दिवसभर या घरातून त्या घरात पेशंट बघत फिरते ती. तिला काय सांगू, दोन दिवस भाजून निघ, मग आमची सूनबाई येईल? गॅस कमी होता. गॅस भरला, थोडं तेल घातलं, गार हवा आली. सिस्टर खूश होऊन गेली.

सून: आणि आज सकाळी त्यांच्या दारात गाडी सुरूच झाली नाही.

सासरे: मंगळवार ते गुरुवार चालली ना?

सून: बाबा, तुम्ही हे खरंच बोलताय का?

सासरे: नाही. ओढून आणावी लागली, ते मला आवडलं नाही.

सून: आज सकाळी निघताना मी काय सांगितलं होतं? शाळेत पालकसभा आहे, बाराला परत येते, तोवर गाडीला हात लावू नका. हेच शब्द.

सासरे: हेच.

सून: मग?

सासरे: मग काय? उभी आहे गाडी. जिथे होती तिथे.

सून: बॉनेट बंद होतं तेव्हा.

सासरे: हवा लागावी म्हणून उघडलं.

सून: आणि कॉम्प्रेसरच्या या झाकणाचे दोन बोल्ट सैल आहेत, ते हवेनेच झाले का? थांबा, थांबा. ही तार कुठली?

सासरे: कुठली तार?

सून: ही. झाकणाखालच्या छोट्या कनेक्टरमध्ये, दोन पिनांच्या मध्ये वाकवून घातलेली.

सासरे: अच्छा. ती.

सून: बाबा.

सासरे: अगं, ते झाकण जरा सैल केलं की गाडी म्हणते, मी चालू होणार नाही. संपावर जाते. मला दोष शोधायचा होता, आणि गाडी चालू असल्याशिवाय दोष सापडायचा कसा? म्हणून तारेने तिची समजूत घातली की झाकण बंद आहे.

सून: समजूत घातलीत.

सासरे: आपण जुन्या गाड्यांत दरवाजाच्या बटणाला नाही का करत?

सून: दरवाजाच्या बटणामागे आतला दिवा असतो. या झाकणामागे चारशे व्होल्ट आहेत. झाकण उघडलं की वीज आपोआप तुटावी म्हणूनच ते कनेक्टर आहे. तुमच्या माझ्यासारख्याने आत बोट घातलं तर मरू नये म्हणून. तुम्ही त्या पहारेकऱ्याला सांगितलंत, झोप तू.

सासरे: म्हणजे तसं म्हटलं तर.

सून: तसंच आहे. बॅटरीची वीज तोडणारा सीटखालचा प्लग काढला होतात?

सासरे: प्लग काढला असता तर गाडी चालू कशी झाली असती?

सून: गाडी चालू झाली?

सासरे: संगणक लावून बिघाडाचा कोड पुसला. मग झाली. अर्धा मिनिट. मग परत लाल दिवा.

सून: आणि त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही कुठे होतात?

सासरे: इथेच. बाजूला.

सून: हातमोजे?

सासरे: ते लाल रबरी? ते घातले की बोल्ट हाताला कळत नाही गं. आंधळ्यासारखं होतं. नट आहे की खडा आहे, काही समजत नाही.

सून: मला बसू द्या जरा.

सासरे: पाणी देऊ?

सून: नको. तुम्ही माझ्यापासून जरा लांब उभे राहा. मला राग आलाय आणि तुम्ही माझे सासरे आहात, दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीये.

सिस्टर: येऊ का आत? झाली का हो माझी गाडी? तीनला माझे पेशंट आहेत. एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग, एकीचं इंजेक्शन, आणि तिसरे जे आहेत ते मी पाच मिनिटं उशिरा गेले तरी मुलीला फोन करतात की सिस्टर मेली बहुतेक. बस बदलून बदलून आलेय मी इथवर.

सासरे: या सिस्टर, बसा. काय आहे, या गाड्या नाजूक. यांच्या मोटरमध्ये कधी कधी कंपनीकडूनच जरासा—

सून: बाबा.

सासरे: जरासा काहीतरी दोष राहून जातो, असं म्हणतात.

सिस्टर: ताई, तुम्ही सांगा. झाली का?

सून: नाही झाली. आज होणार नाही.

सिस्टर: आज नाही म्हणजे? उद्या?

सून: चारपाच दिवस तरी. कॉम्प्रेसर बदलायचा, पुढची जाळी बदलायची, सगळे पाइप धुवायचे. तेल एकदा आत फिरलं की ते कानाकोपऱ्यात जातं.

सिस्टर: कुठलं तेल? मंगळवारी तर मामा म्हणाले, सगळं झकास. मी गाडी चांगली चालवते, वेळच्या वेळी आणते, मग असं कसं झालं? माझं काही चुकलं का?

सून: तुमचं काही नाही चुकलं. ते...

सासरे: माझं चुकलं.

सिस्टर: काय?

सासरे: चुकीचं तेल मी घातलं. मंगळवारी. बरोबर तेल कपाटात होतं, ते मी उघडलं नाही. कंपनीचा दोषबिष काही नाही, ते मी आत्ता उगाच म्हणालो. हिने गुरुवारी या म्हणून सांगायला सांगितलं होतं, तेही मी तुम्हाला सांगितलं नाही. सगळं आम्हीच भरून देणार, तुम्ही त्याची काळजी करू नका.

सिस्टर: बरं झालं सांगितलंत. चिडणार आहे मी, पण ते नंतर. आधी मला हे सांगा, मी आल्यापासून तुम्ही तो उजवा हात असा का चोळताय?

सासरे: कुठे चोळतोय?

सिस्टर: आत्ता. बोलता बोलता. बोटं उघडताय, मिटताय.

सासरे: मुंग्या आल्यात थोड्या. पाना धरून धरून येतात. वय झालं.

सून: मी आल्यापासून तुम्ही पाना धरलेला नाही.

सासरे: सगळं तुला कसं माहिती असतं?

सून: बाबा, त्या अर्ध्या मिनिटात काय झालं?

सासरे: काही नाही.

सून: मी शांतपणे विचारतेय.

सासरे: म्हणून तर भीती वाटतेय. अगं, झाकण सरकवून आत बघितलं. वाटलं, आतला एखादा बोल्ट सैल असेल, म्हणून लाल दिवा. एका बोटाने जरा हलवून बघितला. आणि मग मी तिकडे होतो. त्या टायरांच्या ढिगापाशी.

सून: तिकडे म्हणजे?

सासरे: कसा गेलो ते माहीत नाही. बसलो होतो. उठलो, कपडे झटकले. तू यायच्या आत झाकण बसवायला घेतलं, पण बोल्ट हातातून सटकायला लागले.

सिस्टर: दुसरा हात कुठे होता तुमचा?

सासरे: कोपर टेकवलं होतं. मडगार्डवर.

सिस्टर: कुठलं कोपर?

सासरे: डावं.

सून: उजवं बोट बोल्टवर, डावं कोपर बॉडीवर.

सिस्टर: म्हणजे छातीतून. द्या मनगट इकडे. बोलू नका. ताई, किती वाजता झालं हे?

सून: मी बाराला आले. त्याच्या आधी.

सासरे: अकराच्या सुमाराला.

सिस्टर: मी म्हटलं ना, बोलू नका.

सून: सिस्टर, गळती अडतीस हजार ओहमची होती, म्हणून यांच्या अंगातून थोडीच वीज गेली. तेल अजून चार दिवस आत फिरलं असतं आणि तो आकडा तीनचार हजारांवर आला असता, तर मी पालकसभेतून येऊन...

सिस्टर: तो हिशोब आत्ता नको. मामा, तुमची नाडी सरळ चालत नाहीये. चारपाच ठोके नीट, मग एक गायब. आधी कधी कोणी सांगितलं होतं?

सासरे: मी डॉक्टरकडे जातच नाही, तर सांगणार कोण?

सिस्टर: आता जाणार आहात. ईसीजी काढायचा आणि रात्रभर तिथे राहायचं. विजेचा झटका छातीतून गेला की माणूस बरा दिसतो आणि काही तासांनी घोटाळा होतो. मी बघितलंय.

सासरे: रात्रभर? आणि गॅरेज?

सिस्टर: गॅरेज कुठे पळून जातंय?

सासरे: मी ठणठणीत आहे. दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. विचारा हिला.

सून: पिकअपची किल्ली कुठे आहे?

सासरे: अगं, असल्या बारीकसारीक झटक्यांना घाबरलो असतो तर हा धंदा केलाच नसता. स्पार्क प्लगचे किती खाल्लेत मी. एकदा तर—

सून: बाबा, किल्ली.

सासरे: तू उगाच घाबरतेस. तुझ्या नवऱ्यासारखी.

सून: हो, घाबरते. तुमचा मुलगा वर्गात मुलांना भूगोल शिकवतो, त्याला टायर बदलता येत नाही. पाना कसा धरायचा, ते मला या घरात आल्यावर तुम्ही शिकवलंत. लोक तुम्हाला हसले, सुनेला गाडीखाली झोपवतो म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. मी चुकले की तुम्ही पाना हातातून काढून घ्यायचात आणि म्हणायचात, परत पहिल्यापासून. मला एक सांगा. मी बिनमोज्याने त्या झाकणात बोट घातलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?

सासरे: कानाखाली वाजवली असती.

सून: मग?

सासरे: मग काय? किल्ली खिळ्याला आहे. कॅलेंडरच्या मागे.

सिस्टर: चला. खिडकीपाशी मामा, मी मध्ये. हॉस्पिटल माझ्या वाटेवरच आहे. ताई, तुम्ही तिथे यांच्यापाशी थांबा, पिकअप मला द्या. माझे पेशंट मी करून येते.

सून: गिअर जड आहे पिकअपचा. आणि एसी चालत नाही.

सिस्टर: एसीच्या गॅरेजच्या गाडीचा एसी चालत नाही?

सासरे: बूच सापडलं की करतो.

सून: तुम्ही हसू नका. मला अजिबात हसू आलेलं नाही.

सासरे: मी कुठे हसलो? अगं, जरा हात दे. पाय थोडे लटपटतायत.

सिस्टर: आता कसे खरं बोलायला लागले. धरा ताई तिकडून.

(पुढच्या गुरुवारची सकाळ. नवा कॉम्प्रेसर आला आहे. सिस्टरच्या गाडीशेजारी सासरे आणि सून, दोघंच.)

सून: गोळी घेतलीत?

सासरे: घेतली. डॉक्टर म्हणाला ना, ठोका बहुधा जुनाच चुकत होता, झटक्यामुळे सापडला. म्हणजे एका परीने त्या बोल्टचे उपकारच.

सून: बाबा, नको.

सासरे: बरं, नाही. सिस्टर कशी फिरतेय?

सून: पिकअपनेच. त्या तिसऱ्या पेशंटना पिकअप आवडली. तिचा आवाज लांबून येतो, त्यामुळे सिस्टर जिवंत आहे हे आधीच कळतं म्हणतात.

सासरे: मी त्यांच्याकडे जाऊन आलो काल.

सून: कोणाकडे?

सासरे: सिस्टरकडे. घरी. म्हटलं, त्या दिवशी झटक्यापायी माझी चूक बाजूलाच राहिली. नीट माफी मागितली. तिने राखून ठेवलं होतं ते सगळं ऐकवलं मला. पंधरा मिनिटं.

सून: मग?

सासरे: मग चहा दिला. गाडी कुठे करणार विचारलं, तर म्हणाली, तुमच्याकडेच, पण ताईंच्या हातून. मी म्हटलं, मी बाजूला उभा राहिलो तर चालेल का? म्हणाली, मोजे घालून.

सून: मग घाला.

सासरे: घालतो. तू त्यात हवा का भरून बघत होतीस मघाशी?

सून: भोक आहे का बघायला. टाचणीएवढं भोक असलं तरी मोजा फेकून द्यायचा. मनगटापाशी गुंडाळायचा, दाबायचा, गालाला लावायचा. हवा लागली की गेला. हा तुमचा, तुम्हीच बघा.

सासरे: नाही लागत हवा.

सून: दुसरा?

सासरे: नाही लागत. आता सीटखालचा प्लग मी काढू? सांगशील तसा.

सून: आधी लाल खटका वर. मग हँडल आडवं. आता सरळ ओढा. हां. तो तुमच्या खिशात ठेवा. गाडीवर ठेवायचा नाही, म्हणजे दुसरं कोणी परत लावणार नाही.

सासरे: ठेवला. आता झाकण?

सून: आता थांबायचं. दहा मिनिटं.

सासरे: का? प्लग तर माझ्या खिशात आहे.

सून: आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती उतरायला वेळ लागतो. मग मीटरने बघायचं, शून्य आहे का. मगच हात.

सासरे: आणि दहा मिनिटं काय करायचं?

सून: काही नाही. बसायचं.

सासरे: तुझी वही वाचली होती मी. आधीच्या क्लासची. मंगळवारी, तू गेल्यावर.

सून: माझी वही?

सासरे: बॅटरीच्या गाड्यांची. सगळ्या तुझ्याकडेच जातात ना आता. लोक दारातून विचारतात, ताई आहेत का? मी म्हणतो, नाहीत, तर म्हणतात, मग नंतर येतो. वाटलं, एक तरी गाडी आपण करून दाखवावी. वही वाचली. अर्धी समजली.

सून: उरलेली अर्धी मला विचारायची होती.

सासरे: शुक्रवारी फोन हातात घेतला होता. तार घालायच्या आधी. तुझं नाव काढलं आणि परत ठेवला.

सून: का?

सासरे: तुला पाना धरायला मी शिकवला. तुलाच काय विचारू, या झाकणाचं काय करू म्हणून? वाटलं, हसशील.

सून: हसले असते.

सासरे: बघ.

सून: हसले असते, आणि सांगितलंही असतं. पालकसभेच्या मधूनच उठून. तिथे तसंही काही चाललं नव्हतं, फळ्यावरच्या अक्षराबद्दल भांडत होते सगळे.

सासरे: वहीत एक आकृती आहे. बाणांची. तिथपासून पुढचं काही मला कळलं नाही.

सून: सत्ताविसावं पान. आणू का वही?

सासरे: किती मिनिटं झाली?

सून: चार.

सासरे: मग आण.